पंचवीस पट्ट्यांचा मुका मिडी कीबोर्ड: गिटार शिकणारीचा अभिप्राय

खोक्यातून काढला, यूएसबीची वायर लॅपटॉपला लावली, दिवे लागले, पट्टी दाबली. आवाज नाही. दुसरी दाबली. नाही. आठही नॉब फिरवून झाले, पॅड बडवून झाले. शेवटी परतीचा अर्ज उघडला आणि कारणाच्या रकान्यात ‘वाजत नाही’ असं लिहिलंसुद्धा. पाठवायच्या आधी भाच्याला फोन केला म्हणून अब्रू वाचली.

“अगं मावशी, तो वाजत नसतोच,” तो म्हणाला. “काय वाजवायचं ते तो फक्त सांगतो. वाजवायचं काम कंप्युटरचं.”

तर पहिली सूचना हीच. छोटा मिडी कीबोर्ड घेणार असाल तर त्याला बहुधा स्वतःचा गळा नसतो हे आधी माहीत असू द्या. त्यात स्पीकर नाही, आवाज नाहीत. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढीच वार्ता तो वायरीतून पुढे पाठवतो. पुढे ऐकणारं सॉफ्टवेअर नसेल तर तुमचं वाजवणं हवेत जातं.

माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे अभिप्राय कुठल्या कोनातून आहे ते कळेल. मी पंचवीस वर्षं डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं कंप्युटरवर जुळवायचं काम करते. गिटार हातात घेतली तेव्हा सत्तेचाळीस पूर्ण झाली होती. दीड वर्ष शिकल्यावर गाडी एफ या कॉर्डपाशी (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे सूर) रुतली, आणि ती बाहेर काढायला खाली ड्रम आणि बेस वाजत असलेले बरे, या विचाराने हा कीबोर्ड घेतला. पंचवीस छोट्या पट्ट्या, बोटाने ठोकायचे आठ पॅड, आठ नॉब, डाव्या बाजूला बोट सरकवायच्या दोन आखूड पट्ट्या: एक सूर वर-खाली वाकवायला, दुसरी कंपनाला. कंपनीचं नाव लिहीत नाही. या मांडणीचे कीबोर्ड बरेच जण काढतात, त्यांच्यात डावं-उजवं ठरवण्याइतके मी वाजवलेले नाहीत. आणि माझ्या नगात जी खोट निघाली ती कुणाच्या माथी मारायची इच्छा नाही. त्या खोटीकडे शेवटी येते.

मिडी म्हणजे काय हे मला ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी हसले, कारण माझा अख्खा धंदाच त्याच तत्त्वावर चालतो. गिटार माइकसमोर वाजवून रेकॉर्ड केली तर ते स्कॅन केलेलं पान. त्यात वेलांटी चुकली असेल तर ती खोडून नीट करणं जिकिरीचं. मिडी म्हणजे टाइप केलेला मजकूर. ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करा, शब्द मागेपुढे करा, सगळा मजकूर निवडून फाँट बदला. सकाळी पियानोवर वाजवलेली ओळ दुपारी बासरीवर ऐकता येते, लय मिनिटाला ७२ मात्रांवरून ५० वर आणली तरी सूर जागचा हलत नाही. आणि फाँटसारखीच गोचीही होते: आपल्याकडे सुंदर दिसणारी फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की चौकोन दिसतात, तशी माझी मिडी फाइल भाच्याच्या कंप्युटरवर भलत्याच स्वस्त पियानोत वाजली. कारण फाइलीत पियानो नसतोच, ‘इथे पियानो लावा’ एवढी चिठ्ठी असते. चिठ्ठीवरचे आकडे सगळीकडे सारखे असावेत म्हणून १९९१ साली जनरल मिडीची यादी ठरली. त्यात २५ ते ३२ क्रमांक गिटारला दिलेत, पहिली नायलॉनच्या तारांची.

मूळ मिडी त्याहून जुनं. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल आणि रोलँड या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीने जोडून दाखवले होते. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांना त्यासाठी २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. फाँटच्या दुनियेत जुन्या फाइली उघडताना मी जे भोगलंय ते बघता, चाळीस वर्षं टिकलेला हा समजूतदारपणा मला जवळजवळ चमत्कार वाटतो.

आता गिटारकडे. मिडीत प्रत्येक सुराला ० ते १२७ मधला एक आकडा असतो. मधला सा म्हणून पियानोवाले ज्या सीकडे बोट दाखवतात तो ६०. (त्याच ६० ला एक सॉफ्टवेअर सी-४ म्हणतं आणि दुसरं सी-३. दोन्ही बरोबर. म्हणून मी नावं सोडून आकडेच धरते.) गिटारच्या सहा मोकळ्या तारा, जाड्या तारेपासून: ४०, ४५, ५०, ५५, ५९, ६४. हे मी एका चिठ्ठीवर लिहून गिटारच्या पेटीत चिकटवलं आणि मग त्यांच्यातली अंतरं पाहिली. पाच, पाच, पाच, चार, पाच. दीड वर्ष मी पाचव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या पाचव्या घरात) दाबून पुढची तार जुळवत होते आणि फक्त तिसऱ्या तारेवर (बारीक तारेकडून मोजून) चौथ्या फ्रेटवर दाबायचं, हे पाढ्यासारखं पाठ होतं. का, हे विचारायचं सुचलंच नव्हतं. त्या एका ‘चार’मुळेच ई कॉर्डचा आकार एक तार पलीकडे सरकवला की बोटांची मांडणी बदलते. एवढं जरी कुणी पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तरी कॉर्डचे तक्ते रट्टा मारून पाठ करायचे माझे कष्ट निम्मे झाले असते.

त्यातच एक मजा निघाली. मोकळ्या ई कॉर्डमध्ये सगळ्यात खालचा सूर ४० आणि सगळ्यात वरचा ६४. म्हणजे मोजून पंचवीस पट्ट्या! कीबोर्ड जणू त्यासाठीच कापलेला. पण नाही. तो सी पासून सुरू होतो. नेहमीच्या जागी ४८ ते ७२, एक सप्तक खाली उतरवला की ३६ ते ६०. वरचा ६४ हुकतो तो हुकतोच. मग ट्रान्सपोजचं बटण सापडलं. चार घरं वर सरकवलं की पट्ट्या बरोबर ४० ते ६४ होतात, फक्त सीच्या पट्टीतून ई ऐकू येतो. बोट एका जागी, सूर दुसऱ्याच. हे कुठेतरी पाहिलंय असं वाटलं आणि लक्षात आलं की हा तर कॅपो, म्हणजे गिटारच्या सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा. चौथ्या फ्रेटवर कॅपो लावून सी वाजवला की ई च ऐकू येतो. तेव्हापासून हे बटण माझ्याकडे कॅपोच्याच कामाला आहे. नवीन गाणं आधी मिडीत घालते, गाऊन बघते, आवाजाला झेपेपर्यंत एकेक घर वर-खाली करते. तीन घरं वर सोयीचं पडलं तर गिटारला तिसऱ्या फ्रेटवर कॅपो, कॉर्ड मूळचेच. पूर्वी याच कामासाठी कॅपो इकडून तिकडे लावत संध्याकाळ जायची आणि दर वेळी तारा थोड्या चढायच्या त्या वेगळ्याच.

एक सावधगिरी. गिटारचं स्वरलेखन ऐकू येतं त्याहून एक सप्तक वर लिहितात. पाचव्या तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटचा सी प्रत्यक्षात ४८, पण कागदावर तो ६० च्या जागी असतो. मी कागद पाहून कीबोर्डवर वाजवलं आणि गिटार शेजारी ठेवून ऐकलं, तेव्हा आपल्या कानातच दोष आहे असं मला दोन दिवस वाटत होतं.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो एफ.

ड्रम पॅडवर बसवणं सोपं गेलं. जनरल मिडीत ड्रमला दहावं चॅनल ठरलेलं आहे. ३६ वर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), ३८ वर स्नेअर (काडीने वाजवायचा छोटा), ४२ वर बंद हायहॅट (झांजांची जोडी). माझे पॅड ३६ पासूनच सुरू होतात, म्हणजे पहिला, तिसरा आणि सातवा. पहिल्या-तिसऱ्या मात्रेला किक, दुसऱ्या-चौथ्या मात्रेला स्नेअर, हायहॅट अर्ध्या अर्ध्या मात्रेला. दोन बोटं आणि दहा मिनिटं. खाली बेस म्हणून नुसते कॉर्डचे मूळ सूर: सी, ए, एफ, जी. ७२ ची लय लावली, वर गिटार माइकवर रेकॉर्ड केली आणि पडद्यावर ड्रमच्या रेघांखाली माझ्या गिटारच्या आवाजाची लहर पाहिली.

कानाला मी तालात होते. डोळ्याला नव्हते. या लयीत एक मात्रा म्हणजे साधारण ८३३ मिलिसेकंद. सीचे फटके रेघेवर, ए मायनरचे रेघेवर, आणि एफचा पहिला फटका दर वेळी तीनशेच्या आसपास मागे. त्याच्यापुढचे दोन घाईघाईने रेघेच्या आधी, उधारी फेडल्यासारखे. रेकॉर्डिंगलाच उशीर होत असेल अशी पळवाट मी शोधली, पण मग सीसुद्धा मागे पडायला हवा होता. नुसता मेट्रोनोम लावून मी वर्षभर सराव केला होता. तेव्हा मी टिकटिकीशी भांडायचे आणि कोण जिंकलं हे कळायचं नाही. इथे पुरावा छापील होता, आणि प्रूफात चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय मला झोप येत नाही.

दुरुस्ती तीन तुकड्यांत झाली. पहिला तुकडा: लय ५० वर. मिडीचा ड्रम हळू केला तरी घोगरा होत नाही, त्यामुळे हळू वाजवणं शिक्षा वाटत नाही. दुसरा: पूर्ण बॅरेचा (एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा) हट्ट सोडून वरच्या सुरांच्या चार बारीक तारांचा छोटा एफ. चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर, तिसरी दुसऱ्यावर, वरच्या दोन्ही पहिल्यावर एकाच बोटाने. मिडीत लिहिला तर ५३, ५७, ६०, ६५. एफचे तिन्ही सूर त्यात आहेत. खालच्या सुरांच्या दोन जाड तारा नसल्याचं दुःख बेस भरून काढतो. तिसरा तुकडा सगळ्यात कामाचा आणि मला सगळ्यात उशिरा कळलेला: एफच्या आधीच्या कॉर्डचा शेवटचा वरचा फटका (हात वर येतानाचा) मोकळ्या तारांवर जाऊ द्यायचा. अर्धी मात्रा डावा हात उचललेला, उजवा चालूच. ऐकणाऱ्याला ते खटकत नाही. थांबलेला उजवा हात मात्र लगेच खटकतो. मी इतके दिवस डाव्या हाताची वाट बघत उजवा थांबवत होते. तेच तीनशे मिलिसेकंद.

सोबत एका मिनिटात सी ते एफ किती वेळा बदलता येतो ते मोजायचं. पहिल्या दिवशी अकरा. सहा आठवड्यांनी चौतीस. मोजताना प्रत्येक तार स्वच्छ वाजलीच पाहिजे असा आग्रह नको, ते वेगळं, सावकाश, एकेक तार छेडून तपासायचं काम. सूर फुटत असेल तर जोर वाढवण्याआधी बोट फ्रेटच्या धातूच्या दांडीला खेटून मागे आहे का ते बघा. माझं निम्मं बोटं दुखणं तिथे संपलं. उरलेलं नखं कापून.

क्वांटाइझ या बटणाबद्दल इशारा द्यायलाच हवा. वाजवलेले सूर ते ओढून नेमक्या रेघेवर बसवतं. पहिल्यांदा दाबलं तेव्हा वाटलं, संपले आपले कष्ट. दुसऱ्या दिवशी ऐकलं तर ड्रम शिलाई मशीनसारखा. मजकूर बळजबरीने जस्टिफाय केला की ओळीच्या कडा सरळ दिसतात आणि शब्दांमध्ये खिंडारं पडतात, अगदी तसंच. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये किती टक्के ओढायचं ते ठरवता येतं. मी साठच्या पुढे जात नाही. आणि गिटारची चूक झाकायला तर ते वापरूच नका, नाहीतर एफ तिथेच राहील.

गिटार वाजवता येत असताना मिडीत खोटी गिटार का लिहायची, असं भाच्याने विचारलं होतं. मलाही ते उगाचचं वाटलं होतं. पण सी कॉर्डचे पाच सूर ४८, ५२, ५५, ६०, ६४ एकाच क्षणी टाकले तर ते दार आपटल्यासारखं वाजतं. गिटार मुळीच नाही. कारण पिक (तारा छेडायची नखी) तारांवरून जातो, तारांवर पडत नाही. प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा दहा-पंधरा मिलिसेकंद उशिरा सरकवला, खालून वर, तेव्हा ती गिटारसारखी झाली. वरचा फटका उलट्या क्रमाने. तोही पाचही तारांवर टाकला तर गिचमिड. वरच्या तीनच ठेवल्या आणि जोर नव्वदवरून साठवर आणला, तेव्हा कुठे हात डोलल्यासारखा ऐकू आला. मग खरी गिटार उचलली आणि कळलं की माझा वरचा फटका दीड वर्ष सगळ्या तारा खरवडत होता. शिक्षकांनी ‘वर येताना हलकं’ असं शंभरदा सांगितलं असेल. माझ्या हाताने ते आकड्यांतून ऐकलं.

जोराच्या आकड्यात या कीबोर्डचे गुण कमी. मूळ सेटिंगवर हलक्या बोटाला तो दाद देत नाही, ठोकलं की एकदम १२७. ‘सॉफ्ट’ केल्यावर सुधारला. पट्ट्या अरुंद आहेत. हे माझ्या बोटांना चालतं, पण ज्यांना पियानोच शिकायचाय त्यांनी यावर पैसे घालू नयेत, हाताला चुकीचं अंतर बसेल. सप्तक बदलायची बटणं शेजारी शेजारी, दोनदा दाबली की आपण कुठे आहोत ते फक्त दिव्याच्या रंगावरून कळतं.

उशिराची तक्रार तुम्हीही करणार, म्हणून सांगून ठेवते: पट्टी दाबल्यावर आवाज जाणवण्याइतका मागून आला तर कीबोर्डला दोष देऊ नका. माझा लॅपटॉप ब्लूटूथ हेडफोनला जोडलेला होता. वायरीचा लावला, अर्धं दुखणं गेलं. उरलेलं सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज पुढे पाठवण्याआधी साठवायचे तुकडे, म्हणजे सॅम्पल) १०२४ वरून २५६ वर आणून. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या वेगावर १०२४ म्हणजे २३ मिलिसेकंद आणि २५६ म्हणजे सहाच्या आत. फार खाली नेलात तर आवाज तडतडतो, मग एक पायरी वर यायचं.

गिटारची जागा हा घेणार नाही. सूर वाकवायची पट्टी आहे, पण ती चॅनलवरचे सगळे सूर एकदम वाकवते. गिटारवर एक तार ताणून दुसरी जागेवर ठेवता येते, आणि त्या दोघींच्या भांडणातच सगळी गंमत असते. शिवाय ६४ हा सूर पहिल्या तारेवर मोकळा मिळतो, दुसऱ्यावर पाचव्या फ्रेटला, तिसऱ्यावर नवव्याला, चौथ्यावर चौदाव्याला. चारही जागी त्याचा रंग वेगळा. माझ्या मिडी फाइलीला फक्त ६४ माहीत. त्यामुळे कुणाची मिडी फाइल टॅबमध्ये (कुठली तार, कुठला फ्रेट हे आकड्यांत दाखवणाऱ्या लेखनात) बदलून घेतलीत आणि बोटं भलतीकडे धावायला लागली तर टॅबवर आंधळा विश्वास नको. सॉफ्टवेअरने जागा अंदाजाने दिलेली असते. वहीत आपल्या हाताने तार आणि फ्रेट लिहून ठेवा.

आणि वेळ. तिसऱ्या महिन्यात माझे तीन आठवडे स्नेअरचा आवाज निवडण्यात गेले. फाँट निवडताना गिऱ्हाईक असं करतं तेव्हा मी मनातल्या मनात त्याला काय काय म्हणते, ते सगळं मला लागू पडलं. आता आधी वीस मिनिटं गिटार, लॅपटॉप मिटलेला. मग कीबोर्ड. ड्रमचा एकच संच, बदलायचा नाही.

आता ती खोट. पाचव्या महिन्यात सातवा पॅड एका ठोक्याला दोन ठोके द्यायला लागला. आधी मला वाटलं आपला हात सुधारला, हायहॅट फारच भरगच्च येतोय. पडद्यावर पाहिलं तर प्रत्येक ४२ च्या पाठीला चिकटून आणखी एक ४२. सेवा केंद्राला लिहिलं, उत्तर सभ्य आलं: कीबोर्ड पाठवा, तीन आठवडे लागतील. भाचा म्हणाला, “मावशी, पाठव, वॉरंटीत आहे.” पाचपैकी साडेतीन तारे देते, अर्धा या पॅडचा कापला, एक त्या ठोकाठोकीच्या पट्ट्यांचा. पाठवला मात्र नाही. हायहॅट आठव्या पॅडवर हलवला आहे, आणि पूर्ण बॅरेचा एफ सध्या ५८ च्या लयीत येतो.